जैन जेवण मिळेल का, एवढंच विचारायचं?

सहलीचं नुसतं नाव निघालं की आपल्या घरात पहिला प्रश्न कुठला येतो? "जैन जेवण मिळेल ना?" बालीला जायचं असो, फुकेतला असो नाहीतर मॉरिशसला, आपली चौकशी इथूनच सुरू होते आणि बहुतेक वेळा इथेच संपते. कांदा-लसूण नको, बटाटा नको, जमलं तर दिवस मावळायच्या आत ताट समोर यायला हवं. टूरवाल्यांनाही हे आता चांगलं पाठ झालंय. जाहिरातीत निळा समुद्र, नारळाची झाडं, हातात हात घालून चाललेलं जोडपं, आणि खाली ठळक अक्षरात, 'सोबत महाराज, शुद्ध जैन स्वयंपाक.' एवढं वाचलं की आपलं समाधान होतं. धर्म सांभाळला गेला. पुढचे सहा दिवस काय वाटेल ते करायला आपण मोकळे.

माझं भांडण या 'मोकळे'शी आहे. जेवणाशी मुळीच नाही. लग्न होऊन आल्यापासून मी या घरात पाणी गाळून घेते, दिवे लागायच्या आत चूल आवरते, आणि त्याचा मला कधी जाच वाटला नाही. उलट त्याचा अभिमान आहे म्हणूनच हे लिहायला बसलेय. ज्या धर्मानं आपल्याला पाण्याच्या थेंबातल्या जिवाची फिकीर करायला शिकवलं, त्याच धर्माची माणसं सुट्टीवर गेली की समोर उभा असलेला हत्ती त्यांना दिसत नाही, याचं काय करायचं?

अलीकडे लग्न झालं की नवी जोडपी अशा उष्ण देशांतच जातात, आणि पंचवीस वर्षं झाली की आपल्यासारख्या जुन्या जोडप्यांनाही मुलं तिथंच पाठवतात. परत आल्यावर फोटो दाखवायचा कार्यक्रम असतो. असे कितीतरी कार्यक्रम मी बसून पाहिलेत. हत्तीच्या पाठीवर लाकडी खुर्ची आणि तिच्यात नवरा-बायको. गळ्यात अजगर. गुंगलेल्या वाघाच्या पाठीवर हात. डॉल्फिननं गालाला तोंड लावलेलं. आणि बोलणं काय? "वहिनी, जेवणाचे मुळीच हाल झाले नाहीत हो. रोज गरम फुलके!"

आता एकेका फोटोच्या मागे जाऊन बघू या. हत्ती हा काही गाय-म्हशीसारखा पिढ्यान् पिढ्या माणसाळलेला प्राणी नाही. माणसाला पाठीवर घेऊन दिवसभर त्याच त्या वाटेवर फेऱ्या मारायला तो आपणहून तयार होत नाही. त्यासाठी पिल्लू असतानाच त्याला आईपासून तोडतात, पाय बांधून अरुंद कोंडवाड्यात उभं करतात आणि उपाशी ठेवून, टोचून त्याची हिंमत मोडतात. मग तो 'शहाणा' होतो. आणि हे काही थायलंडातच चालतं असं नाही. आपल्या जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यावरही हत्तीवरून जायची हौस लोक भागवून घेतातच.

बालीची 'लुवाक' कॉफी तर आपल्याकडे भेट म्हणून आणतात. उदमांजराच्या पोटातून बाहेर पडलेल्या बियांची ती कॉफी. पूर्वी म्हणे रानातून अशा बिया वेचून आणत. मागणी वाढली तशी उदमांजरं पकडून पिंजऱ्यात घातली. रात्री एकट्यानं रानात हिंडणारा हा प्राणी आता जाळीच्या पेटीत कॉफीची फळं खात येरझाऱ्या घालतो. मधमाश्यांचा घास हिरावला जातो म्हणून आपण मध वर्ज्य मानतो ना? मग ही पुडी आपल्या बॅगेत कशी चालते?

वाघाचं सांगते. थायलंडातल्या कांचनाबुरीला एक प्रसिद्ध 'व्याघ्र मंदिर' होतं. जगभरची माणसं तिथं जाऊन वाघाला हात लावून फोटो काढून घेत. भिक्षू आणि वाघ एकत्र राहतात, केवढी ही अहिंसा, असं त्याचं कौतुक व्हायचं. २०१६ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी तिथले वाघ ताब्यात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा शीतपेटीत चाळीस मेलेली बछडी सापडली. डॉल्फिनचं म्हणाल, तर त्यांना करमणुकीसाठी कोंडून ठेवायला आपल्या सरकारनं २०१३ मध्येच मनाई केली. म्हणजे जे आपल्या देशात गैर ठरलं, ते बघायला आपण पासपोर्ट काढून परदेशी जातो आणि वर तिकीट काढतो.

थाळीत बटाटा नाही, म्हणून हत्तीच्या पाठीवरची खुर्ची अहिंसक होत नाही. इतकं साधं आहे हे.

"आपण थोडंच त्याला मारलं?" असं लगेच कुणीतरी म्हणेल. मागे मंडळात मी हा विषय काढला तेव्हा एकीनं म्हटलंच. तिला मी आपल्या शाळकरी पोरांना येतं तेवढंच उत्तर दिलं. कृत, कारित आणि अनुमोदित. आपण करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि केलेल्याला मान डोलावणं, तिन्हीचा दोष आपण मानतो. तिकीट काढणं यात कुठं बसतं, ते तुम्हीच ठरवा. मला तर ते दुसऱ्यातही बसतं असं वाटतं आणि तिसऱ्यातही.

आणि आपल्याला हे शिकवायला बाहेरचं कुणी यायला नको. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. आठशे वर्षं झाली. तिथं नेमिनाथ भगवंतांसमोर आपण हात जोडतो. त्यांची कथा काय आहे? वरात निघालीय, राजुल वाट बघतेय, वाजंत्री वाजतायत. वाटेत बांधून घातलेल्या पशूंचा आक्रोश ऐकू येतो. रथातला नवरदेव सारथ्याला विचारतो, या मुक्या प्राण्यांना इथं का कोंडलंय? वऱ्हाडाच्या जेवणासाठी, असं उत्तर येतं. रथ तिथूनच वळतो, तो गिरनारकडे.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, तिच्यावर गाणी म्हणतो, नाटुकली बसवतो. वैराग्याची कथा म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. पण वैराग्याच्या आधी त्यात एक प्रश्न आहे. हा प्राणी इथं का बांधलाय? हा प्रश्न विचारायला दीक्षा घ्यावी लागत नाही, केस उपटावे लागत नाहीत. लग्नाच्या कपड्यांतला, मौजेच्या वाटेवरचा एक तरुण तो विचारतो. आपली नवी जोडपीसुद्धा अगदी अशाच वाटेवर असतात की. पण त्यांना तो विचारायला आपण शिकवतो का? आपण शिकवतो ते "तिथं कांदा-लसूण असतो का, विचारून घे."

आता दुसरी बाजू. माझं हे बोलणं ऐकून काही वडीलधाऱ्या बायका खूश होतील, म्हणतील, "बरोबर आहे गं, कशाला ती मेली सहल? घरी बसून जाप करावा." त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते थोडं जास्तच आहे.

आपल्या चोवीस तीर्थंकरांच्या लांछनांकडे बघा. बैल, हत्ती, घोडा, वानर, चक्रवाक, मगर, गेंडा, रेडा, डुक्कर, हरीण, बोकड, मासा, कासव, नाग, सिंह. निम्म्याहून जास्त प्राणीच आहेत. समवसरणाचं चित्र काढतो त्यात बारावा कोठा पशुपक्ष्यांचा. भगवंतांना केवलज्ञान झालं ते झाडाखाली. आपला अख्खा धर्म जंगलात वाढलाय, आणि आपल्यातल्या बायकांनी मगर पाहिलीय ती संगमरवरात आणि हरीण पाहिलंय ते रांगोळीत.

आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, अनमोडचा घाट उतरला की गोव्यात मोले लागतं. तिथल्या अरण्याचं नाव काय आहे ठाऊक आहे? भगवान महावीर अभयारण्य. १९६९ पासूनचं संरक्षित रान. त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. सगळं मिळून २४० चौरस किलोमीटर. दूधसागरचा धबधबा यातच, तांबडी सुर्लाचं कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ याच रानाच्या कुशीत. महावीरांच्या नावाचं एवढं मोठं जिवंत क्षेत्र आपल्या अंगणात आहे. मंडळात मी विचारलं, कोण कोण गेलंय? हात वर आले तीन. बाकीच्या साऱ्या तिथूनच गेल्या होत्या, दहा-दहा वेळा. गाडी थांबवून चहा प्यायल्या आणि कळंगुटला पोचल्या.

आम्ही दोघं गेल्या दोन-चार वर्षांत मोले, दांडेली आणि आपल्या खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या आसपास जाऊन आलो. घरात केवढी चर्चा झाली म्हणून सांगू! वन्सं म्हणाल्या, "शिखरजीला जायचं सोडून रानात काय बघायचंय? आणि या वयात दोघंच?" जणू पन्नाशीनंतर नवरा-बायकोनं दोघांनीच जायचं ठिकाण म्हणजे दवाखाना.

'दोघंच' या शब्दावर मला थोडं बोलायचंय. आजवर आपण बायका ज्या सहली केल्या त्या कुठल्या? यात्रेची बस, चाळीस माणसं, डब्यांच्या चळती, दशम्या, चिवडा, चटणी, सोवळ्याची भांडी, पाण्याचं गाळणं. पुरुष पुढच्या सीटवर गप्पा मारणार, आपण मागं डबे मोजणार. दर्शन घेतलं की लगेच, "पुढच्या मुक्कामाला भाजी कुठली?" तीर्थाहून परत आलेल्या बाईला विचारा, डोंगरावर झाडं कुठली होती? ती सांगू शकणार नाही. कशी सांगेल? तिनं मान वर केलेलीच नसते. जंगलात उलट आहे. तिथं बोलून चालत नाही, डबा उघडून चालत नाही आणि दोघांनाही मान वर करूनच बसावं लागतं. आमचे हे दुकानदार माणूस. तीस वर्षांत आमचं बोलणं म्हणजे बिलं, मुलांच्या फिया आणि कुणाच्या लग्नात किती आहेर. दांडेलीला पहाटे झाडाखाली तास-दीड तास आम्ही एक शब्द न बोलता बसलो आणि ह्यांनी नुसत्या बोटाच्या खुणेनं मला धनेश दाखवला. दोघं मिळून काहीतरी तिसरं बघणं, हे संसारात राहून जातं. ते करायला निघालेल्या बाईला 'मौज सुचतेय' म्हणणाऱ्यांनी आधी आपण संसारात शेवटचं एकत्र काय पाहिलं ते आठवावं.

धनेशाचं सांगायलाच हवं, कारण जोडपं म्हणजे काय ते त्यानं दाखवावं. केवढा मोठा पक्षी, चोचीवर जणू दुसरी चोच ठेवलीय. विणीच्या दिवसांत मादी जुन्या उंच झाडाच्या ढोलीत जाते आणि आत बसून विष्ठेनं आणि फळांच्या गरानं दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची उडायची पिसं गळतात. तीन-तीन, चार-चार महिने तिचा आणि पिल्लाचा जीव बाहेरच्या नरावर असतो. तो गळ्यात फळं भरून आणतो आणि फटीतून एकेक काढून तिला भरवतो. त्याला कुणी मारलं, किंवा माणसांच्या गर्दीला भिऊन तो झाडाकडे फिरकलाच नाही, तर आत बसलेल्यांचं काय होईल? म्हणून आमच्या वाटाड्यानं आम्हाला लांबच बसवलं, झाडाखाली जाऊ दिलं नाही. एक पर्यटक "जवळून फोटो हवा" म्हणून हट्ट करत होता. वाटाड्या ढिम्म हलला नाही. त्या माणसाचं शिक्षण किती ते मला ठाऊक नाही. पण अनर्थदंड म्हणजे काय ते त्याला आपल्या मंडळातल्या कित्येकींपेक्षा जास्त कळत होतं.

आणि धनेश खातो काय? मुख्यतः वड, उंबर यांच्या जातीची फळं. इथं मला आपले जुने लोक आठवले. श्रावकाच्या मूलगुणांत पंच उदुंबरांचा त्याग सांगितलाय. वड, पिंपळ, उंबर, पाखर, कठूमर. का? तर आत जीव असतात. उंबर फोडलं की केंबरं उडतात, हे आपल्याला शेकडो वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आजचं शास्त्रही सांगतं की या झाडांची फुलं फळाच्या आतच असतात, आणि एवढीशी माशी आत शिरून त्यांचं परागण करते. ती माशी नाही तर बी नाही, बी नाही तर पुढचं झाड नाही. झाड नाही तर धनेश, शेकरू, वानर, वटवाघळं यांच्या पोटाला आधार नाही. आपण जे फळ सोडलं, त्यावर केवढं रान जगतंय! हा नियम मी लहानपणापासून पाळत आले. पण त्या दिवशी त्या झाडाखाली बसल्यावर तो नुसता 'खाऊ नये' असा राहिला नाही. 'हे त्यांचं आहे' असा झाला. आता सांगा, हे घरी बसून जाप करताना कळलं असतं?

"पण रानात पायाखाली किती जीव मरतात!" हा आक्षेप मात्र मी मानाचा समजते, कारण तो आपल्या धर्मातून आलाय. त्याला उत्तरही धर्मातच आहे. आपले मुनी चार हात जमीन बघून चालतात. पावसाळ्यात जीवजंतू फार होतात म्हणून चार महिने विहारच थांबवतात. मग आपण काय करतो? नेमका पावसाळाच धरतो! आंबोली, चोर्ला, दूधसागर, सगळीकडे आषाढ-श्रावणात माणसांचा पूर. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला बंदी झुगारून रुळांवरून चालत गेलेल्या लोकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते सगळ्यांनी चवीनं पाहिलं. त्या गर्दीच्या पायाखाली बेडूक किती गेले, गोगलगायी किती गेल्या, ते कुणी मोजलं? पावसाळी सहलीच्या सामानात जळवांवर टाकायला मिठाची पुडी असते. जळूच्या अंगावर मीठ टाकलं की ती तडफडून मरते. बटाटा न खाणारे हात ती पुडी सोडताना मी पाहिलेत.

म्हणून आमच्या घरात नियम केलाय, चातुर्मासात रानात जायचं नाही. व्याघ्र प्रकल्पांतल्या सफारीही पावसाळ्यात बहुतेक बंदच असतात, म्हणजे सरकारलाही हे पटलेलं आहे. माघ-फाल्गुनात जावं. आखलेल्या वाटेवरूनच चालावं, खाली बघून चालावं, आणि बघायचं असेल तेव्हा थांबून बघावं. चालता चालता वर बघू नये. ईर्या समिती अंगात मुरवायला याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

आणि गंमत सांगू? जैन रीत जंगलाला जेवढी मानवते तेवढी दुसरी कुठलीच नसेल. दिवस मावळायच्या आत जेवलं की रात्री दिवे नकोत, दिव्याभोवती किडे जळत नाहीत, आणि अंधार अंधारासारखा राहतो. पहाटे उठायची सवय असतेच. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना साद घालणं. त्यावर विजेऱ्या आणि मोबाईलचे झोत मारले की ती साद पोचत नाही. आपण अंधारात गप्प बसून सामायिक करणारी माणसं. आपल्याला हे शिकवावं लागू नये.

पाणी गाळायची आपली रीतही आठवा. गाळण्यात राहिलेली जिवाणी आपण मोरीत ओतत नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत हळूच परत सोडतो. कुठल्याही पाण्यात नाही, त्याच पाण्यात. ज्याचं घर जिथं, त्याला तिथंच राहू द्यावं, एवढं मोठं तत्त्व आपल्या आज्ज्या कळशी आणि फडक्यानं पाळत होत्या. मगरीला तलावातून उचलून हौदात आणि अजगराला रानातून उचलून पर्यटकाच्या गळ्यात घालणाऱ्या धंद्याच्या बरोबर उलट टोकाला ते फडकं आहे.

दांडेलीच्या बाजूला सगळं छान आहे असंही नाही. पहिल्या खेपेला आम्ही उतरलो त्या रिसॉर्टचं नाव घेत नाही. फलकावर लिहिलं होतं 'निसर्गाच्या कुशीत', आणि आत नदीकाठी कर्ण्यावर गाणी, पाण्याच्या फवाऱ्यात नाच, आणि कठड्यावर केळी ठेवून माकडं बोलावलेली, म्हणजे पाहुण्यांना फोटो मिळावेत. मालकांना मी विचारलं, "एवढा आवाज कशाला हो? पक्षी येतील कसे?" ते हसून म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईकांना हेच लागतं. तुमचं जैन जेवण वेगळं केलंय, काळजी करू नका." बघा! त्यांनाही ठाऊक होतं, जैन बाईनं तक्रार केली तर ती जेवणाबद्दलच असणार. आमची जगात एवढीच ओळख उरलीय. दुसऱ्या दिवशी आम्ही मुक्काम हलवला. गावातल्या एका साध्या घरी राहिलो. तिथल्या वहिनींनी भाकरी आणि मुगाची आमटी दिवस मावळायच्या आत वाढली. कसलाही फलक नव्हता.

शेवटी शिखरजींबद्दल. पारसनाथचा डोंगर पर्यटनाला खुला होणार, २०१९ च्या अधिसूचनेत तसं आहे, म्हणून २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२३ च्या जानेवारीत आपला समाज रस्त्यावर उतरला. गावोगावी मोर्चे निघाले, दुकानं बंद राहिली, बायका-मुलं सगळी आली. पाच जानेवारीला केंद्रानं पर्यटनाच्या त्या तरतुदी थांबवल्या. आपलं म्हणणं काय होतं? हा डोंगर पवित्र आहे, इथं मौजमजा, दारू, मांस, गोंगाट नको. अगदी योग्य म्हणणं होतं. तो डोंगर संथाळ लोकांनाही मारंग बुरू म्हणून पूज्य आहे, हेही त्या निमित्तानं आपल्यातल्या अनेकांना कळलं.

पण त्याच्या आधी दोन वर्षं, २०२० मध्ये, महावीरांच्या नावाच्या मोलेच्या रानातून तीन प्रकल्प जाणार होते. रेल्वेचा दुसरा मार्ग, रस्त्याचं रुंदीकरण आणि मोठी वीजवाहिनी. त्यासाठी हजारो झाडं जाणार होती. गोव्याचे लोक, त्यातही तरुण पोरं-पोरी, उठले. एक नोव्हेंबरच्या रात्री चांदोरला माणसं रुळांवर जमून बसली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कॅसलरॉक ते कुळे या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाकडून मिळालेली मंजुरी रद्द ठरवली. त्या दोन वर्षांत आमच्या मंडळात या विषयावर एकही बैठक झाली नाही. मी विचारलं तेव्हा "तो काही आपल्या तीर्थाचा विषय नाही," असं उत्तर मिळालं. नाव महावीरांचं, रान जिवांनी भरलेलं, आणि आपला विषय नाही! टोंक असलं, चरण असले, धर्मशाळा असली तरच ती जागा आपली का? दुसऱ्यांनी आपल्या डोंगरावर सहलीला येऊन गोंगाट करू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्या जिवांच्या घरात कसं वागायचं, हे आधी स्वतःसाठी ठरवायला नको?

तेव्हा मैत्रिणींनो, मी 'सहल नको' म्हणणाऱ्यांतली नाही. जा. नवऱ्याला दुकानातून, कचेरीतून ओढून काढा आणि दोघंच जा. एकदा तरी शिखरजी-गिरनारसारखंच मनापासून ठरवून मोलेला, दांडेलीला, भीमगडला जा. भीमगडच्या बारापेडेच्या गुहांत एका जातीची वटवाघळं राहतात, जी जगात अगदी मोजक्या जागी सापडतात. ती आपल्या जिल्ह्यात आहेत. गुहेत शिरून त्यांना उठवायची गरज नाही. ती तिथं आहेत आणि आपण बाहेर थांबलो, एवढं पुरे. बालीला जायची ऐपत आणि हौस असेल तर बालीलाही जा. समुद्र बघा, रान बघा, मोकळी वानरं लांबून बघा.

आणि लेकी-सुनांची तिकिटं काढायला फोन कराल तेव्हा जेवणाचं जरूर विचारा, तो आपला हक्क आहे. ते विचारून झालं की फोन ठेवू नका. पुढं विचारा, या कार्यक्रमात हत्तीवर बसवतात का? वाघाला, अजगराला हात लावू देतात का? डॉल्फिनचा खेळ आहे का? त्या प्राण्यांना तिथं का ठेवलंय? पलीकडचा माणूस गडबडला, किंवा "अहो मॅडम, तेच तर खास आकर्षण आहे" म्हणाला, तर तेवढं आपल्या यादीतून खोडायला सांगा. आपण एकट्या-दुकट्यानं सांगितलं तर तो हसेल. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगलीच्या शंभर घरांतून तोच प्रश्न गेला, तर पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत 'शुद्ध जैन स्वयंपाक'च्या खाली आणखी एक ओळ येईल. कांदा-लसणाचं असंच झालं होतं की. आपण विचारत राहिलो, म्हणून त्यांनी महाराज बरोबर घेतले.